तापीकाठी मोटारसायकलवरून न्यायला घडीची जाळी कोणती घ्यावी?

भुसावळचा_गळवाला

राम राम मंडळी. मी रेल्वेत आहे, शिफ्टची ड्युटी. रात्रपाळी सुटली की झोपायचं सोडून तापीवर जातो, हे घरात कोणालाच पटत नाही, पण ते असू द्या. प्रश्न जाळीचा आहे. मासा काठाशी आला की खालून झेलून घ्यायची दांड्याची जाळी, दुकानदार जिला लँडिंग नेट म्हणतो ती.

माझ्याकडे होती एक त्रिकोणी. दोन दांड्या पंख्यासारख्या मिटतात, पुढे नुसती दोरी ताणलेली, आणि मधे प्लास्टिकचा ठोकळा. गेल्या महिन्यात हतनूर धरणाच्या खालच्या अंगाला बसलो होतो. तिकडचा काठ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, काळ्या मातीची उभी दरड, पाणी पायांच्या चार-पाच फूट खाली. पिठाच्या गोळ्यावर रोहू लागला. दहा मिनिटं खेळवला, दमला, आडवा झाला, जाळीतसुद्धा आला. वर उचलला आणि ठोकळा कट्टकन मधोमध चिरला. एक दांडी एकीकडे, दुसरी दुसरीकडे, रोहू मधून सटकला. जाता जाता दोरा त्या मोडक्या दांडीला अडकून तुटला, म्हणजे गळही गेला. सोबतचा मित्र मदत करायची सोडून पोट धरून हसत होता.

आता नवी घ्यायची आहे. गाडीला बांधून नेता आली पाहिजे, म्हणजे मिटून तीन फुटांच्या आत. दांडा दरडीवरून पाण्याला टेकला पाहिजे. दीड हजारापर्यंत जाईन. रबराची जाळी जवळजवळ दुप्पट भावात सांगतात, ती खरंच लागते का? मासे म्हणाल तर रोहू, कटला, मृगळ, कधी शिंगाडा (मिशांचा, काटेवाला मासा). मरळ मला आजवर लागलीच नाही, तिचा विचार करू नका.

गिरणाकाठ

भाऊ, जाळी मोडली त्यात निम्मा दोष ठोकळ्याचा, निम्मा तुझा. रागावू नकोस, मीही याच शाळेत शिकलो.

मासा पाण्यात असतो तोवर त्याचं वजन पाणी पेलतं. बाहेर आला की खरं वजन हातात येतं. दोन किलोचा मासा, वर भिजलेली जाळी, ते सगळं दीड-दोन मीटर दांड्याच्या टोकाला, आणि तू दुसरं टोक धरून पहारीसारखा उचलतोस. भार जातो कुठे? घडीच्या सांध्यावर. घडीची जाळी म्हटली की सांधा आला आणि सांधा आला की तिथेच मोडणार. म्हणून मासा आत आला की दांडा आडवा उचलायचा नाही. काठ सपाट असेल तर हातावर हात घेत दांडा मागे ओढायचा आणि कडं हाताशी आलं की कड्यालाच धरून उचलायचं. तुझ्यासारखी दरड असेल तर दांडा उभा करून सरळ वर ओढायचा, विहिरीतून पोहरा ओढतात तसा. उभ्या दांड्यात सांध्याला वाकायचं कामच पडत नाही.

आता खरेदीचं. जाळीचं कापड सगळ्यात शेवटी बघ. आधी दुकानातच ती पूर्ण उघड, कडं एका हातात घट्ट धर आणि दुसऱ्या हाताने दांडा हलव. सांध्यात खडखड लागली तर तिथेच ठेवून ये. ठोकळा प्लास्टिकचा असेल तर घेऊच नकोस, आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात गाडीवर दोन उन्हाळे काढले की प्लास्टिक कडक होऊन तडकतं. त्रिकोणी जाळी वाईट नसते, पुढची दोरी उथळ पाण्यात जमिनीला चिकटते आणि मासा खालून निसटत नाही. गिरणेच्या वाळवंटात मी तीच वापरतो. पण दरडीवरून उचलायला ॲल्युमिनियमचं अखंड कडं आणि मानेत बटणाने दुमडणारं डोकं बरं.

दांडा सरकता लागेल, तो दोन प्रकारचा मिळतो. पिळून घट्ट करायचा आणि बटण भोकात खटकन बसायचा. पिळाचा घेऊ नकोस. बारीक वाळू एकदा आत शिरली की दांडा ना आत जातो ना बाहेर येतो, आणि ओल्या हाताने पिळला तर ऐन वेळी सरकतो. बटणाच्या दांड्यात वाळू गेली तर वरून तांब्याभर पाणी ओतलं की निघते.

अजून एक, डोकं आट्यांवर सुटतं का ते विचार. विलायती पद्धतीच्या जाळ्यांना बहुधा ३/८ इंची बीएसएफ (इंग्रजी मापाचे बारीक) आटे असतात. तसे असतील तर उद्या डोकं मोडलं तरी दांडा वाया जात नाही. खिळ्याने कायमचं ठोकलेलं असेल तर एक गेलं की दोन्ही गेलं.

शिरपूरना_पोऱ्या

भाऊ, मनं आयक. जाळी कितीबी भारी ले, मासाना मांगे पयाडू नको. मीबी हाईच चूक करेल शे. नवी जाळी लिधी आणि पहिलाच दिन मासाना मांगे मांगे फिराडी. मासा बिचकना, दोरा तुटना, गया. जाळी पाणीमा पहिलेच बुडाडी ठेव, हालाडू नको, मासाले तिनावर लई ये, डोकाकडथून. मंग तो स्वतःच मझार जास. शेपटीकडथून गया का गयाच समज.

(अहिराणी समजनी नही ते इचारा, मराठीमा सांगसू.)

केळीवाला_यावल

वरच्या दोघांचं बरोबर आहे. शिरपूरच्या भाऊंचं मराठीत एवढंच, की मासा जाळीकडे आणायचा, जाळी माशाकडे न्यायची नाही. माशाला मागे पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल, शेपटीकडून जाळी लागली की तो पुढे सुटतो. डोक्याकडून घेतला तर जेवढा जोर लावेल तेवढा आतच घुसतो.

मी वेगळ्या गोष्टीसाठी लिहितोय. आमच्याकडे तापीवर केळीला पाणी द्यायला काठाने मोटारी बसवलेल्या असतात. त्यांच्या वायरी बांबूवर, बाभळीवर, कुठे कुठे डोक्याला लागतील इतक्या खाली लोंबतात. ॲल्युमिनियमचा असो की कार्बनचा, दांडा वीज वाहून नेतो. काठी आणि जाळी दोन्ही मिटवूनच काठाने चाला. अख्खा दांडा उघडून खांद्यावर टाकून फिरणारे पाहिलेत मी, बघून जीव खाली-वर होतो.

आणि पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की खालच्या अंगाला बसू नका. ४१ दरवाजे आहेत त्याला. बॅकवॉटरला बसणार असाल तर मच्छीमार सोसायटीला विचारून बसा, धरणांतली मासेमारी ठेक्यावर दिलेली असते, नंतर वाद नको.

भुसावळचा_गळवाला

धन्यवाद सगळ्यांना. पोहऱ्याचं डोक्यात एकदम बसलं. मी पहारच चालवत होतो.

गिरणाकाठ दादा, कापडाचं राहिलं. रबर की साधं नायलॉन? आणि कड्याचा आकार किती?

गिरणाकाठ

आकार माशावर. दोन-तीन किलोपर्यंतचा मासा धरायचा तर ५० सेंटीमीटर रुंदीचं कडं पुरतं, मासा पिशवीत वाकून बसतो. त्यापेक्षा पिशवीची खोली बघ. ताटलीसारखी उथळ असेल तर कटला एका उडीत बाहेर. कडं वळवलं की पिशवी कड्यावर पडून तोंड बंद झालं पाहिजे, एवढी खोल हवी.

कापडाचं म्हणशील तर जुन्या गाठींच्या नायलॉनने माशाचे कल्ले, पंख फाटतात, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. खायला नेणार असशील तर फरक नाही, सोडणार असशील तर आहे. पण तुझ्या यादीत शिंगाडा आहे, आणि तिथे सोडायचा की खायचा हा प्रश्नच नाही. त्याच्या गालामागचे दोन काटे करवतीसारखे दातेरी असतात. नायलॉनच्या बारीक छिद्रात घुसले की मागे येत नाहीत. मी एकदा अंधारात बॅटरी दातात धरून ब्लेडने जाळी कापत बसलो होतो, त्यात अंगठ्यालाही काटा लागला, दोन दिवस ठणकत होता. गळाचंही तसंच, सुटा गळ नायलॉनमध्ये गुंतला की काढता काढता संध्याकाळ होते.

पूर्ण रबराची जाळी मात्र जड. लांब दांड्याच्या टोकाला ते वजन वाहत्या पाण्यात मनगट दुखवतं. मधला मार्ग म्हणजे रबराचा लेप दिलेलं नायलॉन. हलकं, गळ कमी गुंततो, पाणी धरत नाही म्हणून वासही कमी. जादा पैसे इथे घाल, दांडा रंगीत-चकचकीत नसला तरी चालतो.

भुसावळचा_गळवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. लेपाची घेतली, ५० चं कडं, दोन टप्प्यांचा बटणाचा दांडा. मिटून अडीच फुटांत बसते, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गाडीच्या बाजूला बांधतो. बजेटच्या थोडी वर गेली, तो आकडा घरी सांगितलेला नाही. वास खरंच कमी आहे, पहिली जाळी गॅलरीतून बाहेर काढली गेली होती, ही अजून आत आहे.

काल पहिला शिंगाडा आला, किलोभराचा असेल. जाळी आधी बुडवून ठेवली, डोक्याकडून घेतला, पोहऱ्यासारखा सरळ वर. एक काटा अडकलाच, पण लेपामुळे रुतला नाही, बोटाने मागे ढकलला तसा सुटला. मित्राला हसायला काही मिळालं नाही.

फक्त दांड्याचं बटण आता जरा कच खातंय, दाबलं की लवकर वर येत नाही. काय करू?

गिरणाकाठ

आतली स्प्रिंग ओली राहतेय. घरी आल्यावर दांडा मिटवून ठेवू नकोस, उघडा, उलटा उभा कर, पाणी निथळू दे. वाळला की शिलाई मशिनचं तेल एक थेंब. एकच. जास्त घातलंस तर त्यात वाळू चिकटेल आणि परत इथेच येशील विचारायला.