ओली वाफ, जड पाणी आणि कोल्ड फ्यूजन

बॉयलरवाला: काल या फोरमवर एकानं ठोकून दिलं, "निकेल-हायड्रोजनची भट्टी २०११ मध्येच सिद्ध झाली, तेलवाल्यांनी दाबली, नाहीतर सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्राला कोळसा लागलाच नसता." कोल्ड फ्यूजन म्हणजे साध्या तापमानाला अणूंची केंद्रकं जुळवून उष्णता काढायचा दावा. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, डाइंगच्या बॉयलरवर बावीस वर्षं काढलीत मी. ती भट्टी म्हणजे इटलीच्या आंद्रेआ रॉसीचं ई-कॅट. त्याच्या पहिल्या प्रात्यक्षिकांत उष्णता कशी काढली? पाणी किती गेलं ते मोजलं आणि सगळ्याची कोरडी वाफ झाली असं धरलं. धरलं! २५ अंशांचं किलोभर पाणी १०० वर न्यायला ३१५ किलोज्यूल, त्याची वाफ करायला वर आणखी २२५७. पाईपातून उकळतं पाणी वाहत असलं आणि तुम्ही वहीत वाफ लिहिली, की आठपट ऊर्जा फुकट. आमच्याकडं वाफ ओली आली की वाफेनं तापणाऱ्या वाळवणीच्या सिलिंडरवरून टॉवेल दमट उतरतो, मालक लगेच खाली येतो. तिथं मालक कोण होता?

निवृत्त मास्तर: एकाचं माप चुकलं म्हणून बाजारातले सगळे तराजू खोटे? २३ मार्च १९८९ ला फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी कोल्ड फ्यूजन साधल्याचं यूटाहमध्ये जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात कितीतरी गट पॅलेडियम धातू आणि जड पाणी (ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेलं) घेऊन बसले. संचालक होते पी. के. अय्यंगार. त्यांनी ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) आणि न्यूट्रॉन मोजले, म्हणजे अणुक्रियेच्या खुणा. अहवाल आहे, बीएआरसी-१५००. ट्रिटियम दमट टॉवेल नव्हे.

फिजिक्सवाला पोरगा: सर, त्याच अहवालात ट्रिटियमच्या मानानं न्यूट्रॉन कोटीभर पटींनी कमी आहेत. ड्यूटेरियमची केंद्रकं एकमेकांत जुळली की दोन्ही साधारण निम्मे-निम्मे निघतात. एक वॅट उष्णतेमागं सेकंदाला लाख कोटीच्या आसपास न्यूट्रॉन. एवढ्या किरणोत्सर्गात शेजारी बसून नोंदी करणारा अहवाल लिहायला उरला असता का?

निवृत्त मास्तर: म्हणूनच तर ही क्रिया वेगळी आहे म्हणतोय. तुम्ही जुन्याच गणितात बसवायला बघता.

फिजिक्सवाला पोरगा: गणितात बसलं तर पुरावा, नाही बसलं तर नवं शास्त्र. बरंय की ओ.

विजापूर रोडची अक्का: जड पाण्याचा विषय निघालाय म्हणून विचारते. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की गिझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होऊन जळाली. काय करावं?

फिजिक्सवाला पोरगा: अक्का, ते क्षारांचं जड पाणी वेगळं. हे ड्यूटेरियमचं.

अक्का: कशाचं का असेना, कॉइलचे पैसे मी भरले.

बॉयलरवाला: अक्का, सॉफ्टनर बसवा. आणि मीठ वेळेवर टाका, नाहीतर नुसता शोभेचा डबा.

रेल्वे लाइन्सचा अण्णा: सॉफ्टनर कसला बे, धुवायलाच पाणी नाही! नळ चार-पाच दिवसांनी. उजनी भरलेली, आम्ही मात्र टाकीत डोकावतोय.

बॉयलरवाला: अण्णा, टँकरचं पाणी बॉयलरमध्ये घालून बघा मग कळेल. नळ्यांवर थर चढला की कोळसा जास्त जातो, वाफ कमी मिळते. एकदा एका ठेकेदारानं "चुंबक लावा, थर बसत नाही" म्हणून पट्टा बांधला. सहा महिन्यांनी नळ्या उघडल्या, छिन्नीनं खरवडल्या. पैसे गेले ते गेलेच.

अण्णा: आमच्या भाच्याकडं चालतंय चुंबक.

बॉयलरवाला: भाच्यानं नळी उघडलीय का?

अण्णा: तुम्हाला सगळंच खोटं वाटतं.

निवृत्त मास्तर: धाग्याचा विषय काय, चाललंय काय! गूगलच्या पैशावर तीसेक शास्त्रज्ञांनी कोल्ड फ्यूजनसाठी ४२० नमुने तपासले, २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं.

फिजिक्सवाला पोरगा: आणि जादा उष्णता सापडली नाही, हे गिळलंत.

निवृत्त मास्तर: गिळलं नाही. पॅलेडियममध्ये पुरेसा हायड्रोजन कोंबणं फार अवघड गेलं, हेही त्यांनीच लिहिलंय. तेवढं तुम्ही गिळलंत.

फिजिक्सवाला पोरगा: मान्य. अवघड आहे. तीस वर्षांहून जास्त काळ अवघडच आहे.

बॉयलरवाला: सर, ट्रिटियमवर मी बोलत नाही, मला तो मोजता येत नाही. अय्यंगारांना खोटं म्हणायची माझी लायकीही नाही. पण गरम पाण्याचा डबा कुणी आणला तर आमच्या सिलिंडरला जोडा. टॉवेल कोरडा उतरला तर हुरडा माझ्याकडून.

अक्का: मीठ कुठलं, खडं की बारीक?