नवीन पीसीला पीएसयू (पॉवर सप्लाय, म्हणजेच एसएमपीएस) ५५० वॉटचा पुरेल का? आणि कॅबिनेट कुठलं घेऊ?

रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेतोय, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट देतो, घेऊ का?

– अजिबात नको रे! फुकटातला एसएमपीएस उडाला तर मदरबोर्डपण घेऊन जातो, माझा गेलाय. ४०६० जेमतेम ११५ वॉट खातं, ५५० भरपूर झाले, पुढे मोठं कार्ड टाकणार असशील तरच ६५० घे.

– आणि एसएमपीएसवरचं ८० प्लस ब्रॉन्झ रेटिंग म्हणजे फक्त एफिशियन्सी (वीज किती कमी वाया जाते) हां, क्वालिटीची गॅरंटी नाही, रिव्ह्यू बघ. कॅबिनेट पुढून जाळीवालं घे, काचेचं दिसतं भारी पण आपल्याकडच्या मे महिन्यात आत भट्टी होते. कार्डची लांबी मोजूनच घे.

– धन्स, फुकटवाला कॅन्सल 😅