धागा : आईला मॅक्युलाचा आजार, मग मुलांनी काय बघायचं?

सुरंगी
गणपतीत आरतीचं पुस्तक धरून "मधली अक्षरं दिसत नाहीत" म्हणणारं कुणीतरी घरात निघतंच. मोतीबिंदू असेल म्हणून विषय संपतो. मोतीबिंदूत सगळंच धुरकट दिसतं. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, झिजला की चेहरा आणि अक्षरं जातात, कडेचं दिसत राहतं. म्हणून माणूस अंगणात नीट वावरतो, पण बांगड्यातला काटा दिसत नाही. माहिती असणाऱ्यांनी लिहा, विशेषतः आनुवंशिकतेबद्दल.

खाडीकाठ
आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर धोका दोन ते चार पट धरतात. सीएफएच जनुकाचा संबंध २००५ मध्ये कळला, दुसरं मोठं ठिकाण दहाव्या गुणसूत्रावरचं एआरएमएस२. पण जनुक आलं म्हणजे आजार येतोच असं नाही. जनुक चाचणीवर पैसे घालू नका, तिने उपचार बदलत नाहीत. विडी-सिगारेट मात्र आजच बंद. पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

पोफळबाग
घरची तपासणी: वाचायचा चष्मा लावून चौकटीचा कागद (अ‍ॅम्सलर ग्रिड) ३०-३५ सेंमीवर धरा, एक डोळा झाका, मधल्या ठिपक्याकडेच बघा. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा आजारी डोळ्याचं झाकून नेतो, इथेच सगळे फसतात. रेघ वाकडी दिसली, खिडकीचा गज लाटेसारखा दिसला, तर ओला प्रकार (पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या येऊन गळतात तो) असू शकतो. गणपती होऊ दे म्हणून थांबू नका, पडद्याच्या डॉक्टरकडे लगेच.

तेरेखोल
बांगडे-तारले खाल्ले तर चालतत काय डोळ्यांका?

खाडीकाठ
खावा की! मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो. फिश ऑइलच्या गोळ्यांचा मात्र एआरईडीएस२ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२०१३) जादा फायदा दिसला नाही. शेवग्याचा पाला, माठ, टाकळा पण असू द्या.

मोहोर
त्याच अभ्यासातल्या गोळ्यांचं रोजचं प्रमाण: व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, ल्युटीन १०, झिआझँथिन २, झिंक ८०, तांबं २ मिग्रॅ. तांबं कारण जास्त झिंकने शरीरातलं तांबं कमी होतं. मध्यम टप्प्यात आजार बळावणं कमी होतं, गेलेली नजर परत येत नाही, आणि निरोग्या मुलांनी "आईला आहे" म्हणून घ्यायच्या नाहीत. जुन्या सूत्रातलं बीटा कॅरोटीन विडी ओढणाऱ्यांना नको, फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

सुरंगी
आणि ओल्या प्रकारात देतात ते डोळ्यातलं इंजेक्शन? त्याचीच भीती जास्त.

पोफळबाग
थेंबांनी डोळा बधिर करतात ताई, काम काही मिनिटांचं. साधारण पहिली तीन इंजेक्शनं दर महिन्याला एक, मग ओसीटी (पडद्याचं स्कॅन) बघून अंतर वाढवतात. बरं वाटलं म्हणून मधेच सोडलं की गळती परत सुरू, नजर जाते ती अशीच. इंजेक्शननंतर दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसणं कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा, जंतुसंसर्ग असू शकतो.

मोहोर
तपासणीला कुणाला तरी सोबत न्या हां. बाहुलीच्या थेंबांनी चार-सहा तास धूसर, एसटीची पाटीसुद्धा वाचता येत नाही.

तेरेखोल
काळो चष्मो पण व्हयो, उन्हात डोळे उघडवत नाय.