बटाट्याचा पाला कंबरेला आणि खाली सुपारीएवढे बटाटे, युरिया जास्त झाला का?

पठारावरचा शेतकरी: नमस्कार मंडळी, सातगाव पठारावर एक एकर कुफरी ज्योती वाणाचा बटाटा आहे, आज 58 दिवस झाले. पाला असा माजलाय की सरी दिसत नाही, काळाभोर हिरवा. काल एक झाड उपटून बघितलं तर पांढरे दोरे भरपूर पण बटाटे सुपारीएवढे, दोनच जरा लिंबाएवढे. लागणीला एक गोणी डीएपी एक युरिया, भर लावताना (बुडाला माती चढवताना) दोन युरिया, आणि 50 व्या दिवशी पाऊस झाला म्हणून अजून एक गोणी फेकली. आता फुगवणीला काय टाकू?

खेडकर दादा: भाऊ आधी हिशोब कर. युरियाची गोणी 45 किलोची, त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे चार गोण्यांचं 83 किलो आणि डीएपीचं 9, एकरी 92 किलो झालं, खरीपाला 40 च्या आसपास पुरतं, शेणखत वेगळंच. नत्र भरपूर मिळत राहिलं की झाड पाला वाढवत बसतं आणि कंद धरायचं लांबवतं, म्हणून उशिरा टाकलेली ती शेवटची गोणी सगळ्यात जास्त नडली. आता नत्राचं काहीच टाकू नको. 0:0:50 या पालाशच्या खताची फवारणी घे, लिटरला 5 ग्रॅम, पण त्याने चमत्कार होईल असं समजू नको.

मंचरची ताई: दादांचं बरोबर आहे पण हे वाचून कोणी युरिया एकदम बंद करू नका हं. मागच्या साली आम्ही भरीचा हप्ता चुकवला, 45 दिवसांत खालची पानं पिवळी पडली, पानंच नाहीत तर बटाटा पोसणार कशावर, सगळा गोळी माल, म्हणजे बारीक बटाटा निघाला. निम्मं लागणीला, निम्मं महिन्याच्या आत भर लावताना, बस. आणि भाऊ, एवढ्या दाट पाल्यात हवा खेळत नाही, ढगाळ हवेत करपा रोग दोन दिवसांत रान जाळतो, रोज सकाळी खालची पानं उलटून बघा, पांढरी बुरशी दिसते का.

पठारावरचा शेतकरी: ताई पानं बघितली, अजून स्वच्छ आहेत. मग काढणी 90 दिवसांनीच करू का?

खेडकर दादा: घाई करू नको, तुझा माल आठ-दहा दिवस उशिराच पक्व होईल. पाला पिवळा पडायला लागला की कापून टाक, दहा-बारा दिवस जमिनीतच राहू दे, मग एक बटाटा काढून अंगठ्याने घासून बघ. साल सुटत असेल तर थांब, तसला माल गोणीतच सडतो.