घानात पिसोरी असते का? की मला भलतंच काहीतरी दिसलं?

कुमासीकर:
नमस्कार मंडळी. मूळचा सावंतवाडीचा, दोन वर्षं झाली घानात कुमासीला नोकरीला आहे. परवा रात्री एका कोकोवाल्या गावाहून परत येत होतो, कच्चा रस्ता, दोन्ही बाजूला रान माजलेलं, आणि हेडलाइटमध्ये सशाएवढं तांबूस काहीतरी उभं. आधी ससाच वाटला, पण पाय बघितले तर पेन्सिलीएवढे, पाठ मागच्या बाजूला उंच आणि शेपटीच्या टोकाला पांढरं. दोन सेकंद टक लावून बघितलं न् मग जी उडी मारली ती थेट झुडपात. ड्रायव्हर म्हणाला 'अडोवा'. लहानपणी आंबोलीत एकदा पिसोरी (ते इवलंसं माउस डिअर) बघितलेली तिचीच आठवण झाली. ती आफ्रिकेत पण असते का, की हे कुठल्या मोठ्या हरणाचं पिल्लू? फोटो नाही, मोबाईल काढेपर्यंत गायब.

पाऊलखुणा:
पिल्लू नाही आणि पिसोरी पण नाही. पिसोरी आपल्या उपखंडाबाहेर नाही, आणि तिच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, तुम्हाला ठिपके दिसले का? नसतील तर भाऊ तुम्ही नशीबवान आहात, हा रॉयल अँटेलोप, जगातलं सगळ्यात छोटं कुरंग (काळवीट, चिंकारा यांच्या कुळातलं). पूर्ण वाढलेलं खांद्यापाशी 25 सेंमी, म्हणजे शाळेतली फूटपट्टी उभी धरली तर तिच्याहून बुटकं, वजन अडीच-तीन किलो. गिनी ते घाना एवढ्या पट्ट्यातच सापडतं. नराला शिंगं असतात पण ती पण जेमतेम अडीच-तीन सेंमी, मागे झुकलेली, रात्री गाडीतून काय दिसणार, आणि मादीला तर नसतातच.

कुमासीकर:
ठिपके नव्हते, पोट पांढरं होतं. पण मग एवढं जंगल सोडून शेताच्या कडेला काय करत होतं?

झाडोरा:
तिथेच सापडणार ते. मोठ्या झाडांच्या जंगलात खाली अंधार, जमिनीलगत हिरवं फारसं नसतं, आणि हे बिचारं मान उंचावून उंचावून किती उंचावणार. तोडलेल्या रानात, रस्त्याकडेला, पडीक शेतात नवं झुडूप फुटतं ते बरोबर त्याच्या तोंडाशी येतं. शिवाय पोट एवढुसं, त्यामुळे गायीसारखं गवताच्या भाऱ्यावर भागत नाही, कोवळी पानं, कोंब, पडलेली फळं असं निवडक लागतं. कोको, भुईमुगाच्या शेतात पण घुसतं. चरणं रात्रीचं, आणि चाहूल लागली की पळत नाही, दबून बसतं, अगदी पायाजवळ आल्यावरच उडी. एका उडीत पावणेतीन मीटरच्या आसपास जातं, तुमचा रस्ता त्याला किरकोळ.

सह्यसखा:
जरा वेगळं, पण राहवत नाही म्हणून सांगतो. आपली पिसोरी हरीण नाही आणि कुरंगही नाही, तिचं घराणंच वेगळं. शिंगं नराला पण नाहीत, त्याऐवजी वरचे सुळे बाहेर आलेले असतात. आणि गंमत म्हणजे तिचा लांबचा भाऊबंद पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलात आहे, वॉटर शेव्रोटेन, हा नदीकाठी राहतो आणि कुणी मागे लागलं की सरळ पाण्यात बुडी मारतो. म्हणजे तुमचा प्रश्न अगदीच येडा नव्हता. पिसोरी आणि तुमचा रॉयल अँटेलोप सारखे दिसतात ते नात्यामुळे नाही, झुडपाखालून रात्रीचं सरपटत फिरायचं तर अंगाचा आकार तसाच लागतो, पुढून बारीक, मागून फुगीर.

कुमासीकर:
सगळ्यांना धन्यवाद. ड्रायव्हरकडून अजून माहिती काढली. इथल्या अशांती लोकांचा अडोवा नावाचाच नाच आहे, हातांच्या हळुवार हालचालींचा, बायका जास्त करून मयताच्या वेळी नाचतात, आणि तो या प्राण्याच्या चालीवरून आला असं हे लोक सांगतात. एकीकडे एवढा मान आणि दुसरीकडे फासे लावून धरतात, ड्रायव्हरच्या वडिलांनी पण लावलेत म्हणे. ऑगस्टपासून नोव्हेंबरअखेर शिकार बंद असते, फक्त ग्रासकटर म्हणून एक मोठा उंदरासारखा प्राणी आहे त्याला सूट, पण फाशाला कुठला महिना कळतो.

आणि हो, ड्रायव्हरला मोबाईलवर पिसोरीचा फोटो दाखवला. बराच वेळ झूम करून बघितला न् म्हणाला, बॉस हा अडोवाच आहे, कुणीतरी चुन्याचे ठिपके मारलेत.