सरदार सरोवराचे रोखे: मुदतीआधी परतफेड न्याय्य होती का?

रोखेधारक: नर्मदेवरील सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये मंजूर केलेल्या 45 कोटी डॉलर कर्जाचा उरलेला भाग भारताने मार्च 1993 मध्ये नाकारला आणि त्याच वर्षी धरण बांधणारी गुजरात सरकारची कंपनी, सरदार सरोवर नर्मदा निगम, सामान्य गुंतवणूकदारांच्या दारी आली. 3,600 रुपये भरा आणि वीस वर्षांनी 1,11,000 घ्या, असा तो डीप डिस्काउंट रोखा होता. ठरावीक टप्प्यांवर मुदतीआधी बाहेर पडण्याची मुभा फक्त धारकाला होती. पुढे व्याजदर उतरल्यावर मात्र गुजरात विधानसभेने 2008 मध्ये कायदा करून ती मुभा निगमालाही दिली आणि जानेवारी 2009 मध्ये 50,000 रुपयांवर आमची बोळवण झाली. दर चढले असते, तर निगमाने आम्हाला जादा पैसे दिले असते का?

हिशेबनीस: पंधरा वर्षांत 3,600 चे 50,000 म्हणजे दरसाल सुमारे 19 टक्के चक्रवाढ, याला बोळवण म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय पंधराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला हीच रक्कम मिळेल, असे रोख्याच्या अटींतच होते. धरणाची उंची वाढवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये थांबवले आणि अंतिम निकाल ऑक्टोबर 2000 मध्ये आला. तोवर वीज नाही, उत्पन्न नाही, व्याज मात्र चढतच होते. त्या 1,450 मेगावॉट विजेतही गुजरातचा वाटा 16 टक्केच. मध्य प्रदेशाला 57, महाराष्ट्राला 27. उरलेला भार अखेर करदात्यावरच पडला असता.

रोखेधारक: सरासरी दाखवून शेवटची पाच वर्षे झाकू नका. 50,000 चे 1,11,000 होताना दरसाल 17 टक्क्यांहून अधिक परतावा पडत होता आणि 2009 मध्ये कोणतीही बँक मुदत ठेवीवर त्याच्या जवळपासही देत नव्हती. ऋणकोच्याच पाठीशी विधिमंडळ उभे राहून अटी बदलणार असेल, तर पुढच्या प्रकल्पाला पैसे देणारा त्या भीतीचेही व्याज मागेल, आणि तेही तुमच्या करदात्यालाच भरावे लागेल.

नंदुरबारकर: तुमच्या हाती निदान कागद तरी होता. नर्मदा पाणीतंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन आणि बुडिताआधी पुनर्वसन होते, तरी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आदिवासी वर्षानुवर्षे जमिनीसाठी झगडत राहिले. रोखे विकले गेले त्याच 1993 मध्ये तिथल्या मणिबेली गावात धरणाचे पाणी शिरले. प्रकल्पाचे भांडवल मोजताना ही जमीन कोणत्या रकान्यात धरता?

हिशेबनीस: खर्चाच्याच, आणि ती अपुरी धरली गेली हे मान्य. पण म्हणूनच 19 टक्के मिळालेल्यांची तक्रार मला रांगेत पहिली वाटत नाही.