बारा-साडेबारा कॉम्प्रेशनचा ‘स्वस्त’ सल्ला देणाऱ्यांनी आधी ब्युरेट हातात धरावी

जुनाबोल्ट

क्लासिक मिनीवर रेस इंजिन बांधायला निघालेल्या एका नवख्याला काल इथे सल्ला मिळाला: “१२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन आहे ना? हेड फेसिंगला टाक, साडेबाराला ने, बाकी सगळं स्टॉक ठेव. एवढ्या कमी पैशात एवढी पॉवर कुठेच नाही.” खाली ‘सहमत, सहमत’ची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन खाली असतानाची सिलिंडरची एकूण जागा आणि तो वर असताना उरलेली जागा यांचं प्रमाण (रेशो), आणि फेसिंग म्हणजे हेडचा सपाट तळ घासून ती जागा कमी करणं.

१२७५ चा एक सिलिंडर साधारण ३१९ सीसीचा. पावणेदहा कॉम्प्रेशनला पिस्टनच्या वर उरते ३६.४ सीसी जागा. बाराला उरते २९. चेंबर (हेडमधली जळणाची पोकळी), गॅस्केटची जाडी, पिस्टनची वाटी, डेक (ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग) या सगळ्यांतून मिळून साडेसात सीसी कमी करायचे. आता मोजण्यात चूक झाली तर काय होतं त्याचा हिशेब बघा. ३६ मध्ये एक सीसी इकडेतिकडे झाला तर रेशो पावाने सरकतो. २९ मध्ये तोच एक सीसी ०.४ ने सरकवतो. जुन्या ओतीव हेडची चारही चेंबरं सारखी निघाली असं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणजे तुमचं ‘बाराचं’ इंजिन तीन सिलिंडरला बारा आणि एकाला साडेबाराच्या आसपास असतं, आणि ठिणगीचं टायमिंग त्या एकाला सांभाळून मागे ठेवावं लागतं. बाकीच्या तिघांना त्याचा भुर्दंड.

मोजायला फार काही लागत नाही. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेलं हेड, भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी, कडेला ग्रीस, ब्युरेटमध्ये (सीसीच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत) रॉकेल. हेड किंचित तिरकं ठेवायचं आणि भोक वरच्या अंगाला, म्हणजे शेवटचा बुडबुडा तिकडे सरकतो. तो आत अडकून राहिला तर चेंबर आहे त्यापेक्षा लहान मोजलं जातं आणि पुढचा सगळा हिशेब खोटा.

फायदा किती? आदर्श चक्राच्या गणिताने साडेदहाला कार्यक्षमता ६१ टक्के, बाराला ६३. म्हणजे पॉवर तीन-सव्वातीन टक्क्यांनी वाढणार. तेवढ्यासाठी दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या त्या अरुंद पट्टीवर गॅस्केट उडवून घ्यायचं. हेड भरपूर घासून वर जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकलात तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकवर आपटतो, मग ब्लॉकमध्ये खिसे पाडा. पुशरॉड लांब पडतात, रॉकरची भूमिती बिघडते. हा सगळा खर्च ‘स्वस्त’ सल्ल्यात कुणी धरत नाही.

बजेट कमी असेल तर साडेदहा-पावणेअकराला थांबा. पैसा पोर्ट, व्हॉल्व्ह सीट, बॅलन्सिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर घाला.

तेलकट_हात

आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. पोर्टिंग केलं, हवा जास्त घेतली, पण ती हवा वापरायला आरपीएम चढवावा लागतो. ६५०० वरून ७५०० ला गेलात की रॉडवरचा जडत्वाचा ताण ३३ टक्क्यांनी वाढतो. स्ट्रोक ८१.२८ मिमी, म्हणजे ७५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटरच्या वर. ज्याच्याकडे चांगल्या रॉडना पैसे नाहीत त्याला हा रस्ता दाखवता?

रॉड बोल्ट कॉम्प्रेशनने तुटत नाही. तो तुटतो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला, जिथे पिस्टनला वरून दाबून धरणारा वायूच नसतो. कॉम्प्रेशन आरपीएम न वाढवता टॉर्क देतं. गरिबाची पॉवर तीच.

आणि रेस कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह इतका उशिरा बंद होतो की दाब खरा चढायला लागतो तोवर पिस्टन बराच वर आलेला असतो. साडेदहावर असं इंजिन खाली मेल्यासारखं चालतं. माझ्या धाकट्या भावाचं इंजिन बारावर आहे. अख्खा सीझन पळालं, उघडलं तेव्हा बेअरिंग शेल नव्यासारखे होते.

जुनाबोल्ट

भावाच्या इंजिनात कॅम कोणता? रेसचाच ना? मग तुम्ही माझीच बाजू मांडताय. मूळ सल्ला ‘बाकी सगळं स्टॉक’ असा होता. स्टॉक कॅम व्हॉल्व्ह लवकर बंद करतो, त्याच्यावर साडेबारा म्हणजे पूर्ण थ्रॉटलला नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं, हमखास. रिंगांमधली पट्टी तुटलेला पिस्टन हातात घेऊन बघा एकदा.

फ्लोट_बोल

पेट्रोलचं कुणीच बोलत नाही, याचाच मला राग येतो. पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं तो ऑक्टेनचा आकडा एक जण आरओएनमध्ये सांगतो, दुसरा एकेआयमध्ये, आणि दोघं ‘९५’ वरून भांडतात. एकेआय म्हणजे आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी. ९५ आरओएनचं पेट्रोल त्या मोजपट्टीवर ९०-९१ च्या आसपास येतं. कुणाचा बाराचा अनुभव कोणत्या पेट्रोलवरचा ते लिहिल्याशिवाय त्याला किंमत नाही. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं, पण त्याला पेट्रोलपेक्षा खूप जास्त इंधन लागतं. कार्ब्युरेटरचे जेट बदलले नाहीत तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जळतो. जुने रबरी पाइप गळतात ते वेगळंच.

सहावा_गिअर

तुम्ही सगळे रोगाऐवजी लक्षणाशी भांडताय. बाराचं इंजिन मरतं ते पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरमुळे, म्हणजे यांत्रिक संपर्क उघडून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या इग्निशनमुळे. तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याच्यात एक अंशाची लडखड असेल तर क्रँकवर दोन अंश. ७००० ला पॉइंट मिनिटाला १४,००० वेळा उघडतात, स्प्रिंग थकली की उड्या मारतात. क्रँक सेन्सर आणि प्रोग्रॅम करता येणारं इग्निशन बसवा, भांडण संपलं.

पॉइंट_चारशे_मायक्रॉन

भांडण संपलं नाही, गाडी संपली. उद्या इंजेक्शन म्हणाल, परवा अख्खं इंजिनच बदला म्हणाल. ऐतिहासिक रेसिंगसाठी एफआयएचं (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं) अपेंडिक्स के ही नियमावली आहे. गाडी तिच्या काळातल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे हवी हे त्याचं मूळ तत्त्व. नियम न वाचता सल्ले देऊ नका.

सहावा_गिअर

प्रत्येक जण एफआयएच्या रेसमध्ये उतरत नाही. क्लबच्या टाइम ट्रायलमध्ये कोण गाडीचा एफआयए पासपोर्ट तपासतं? तुमच्या शुद्धतेच्या हट्टापायी नवीन पोरांची इंजिनं फुटतात आणि तुम्ही काठावर उभे राहून टाळ्या वाजवता.

पॉइंट_चारशे_मायक्रॉन

टाळ्या? माझ्या वडिलांचा डिस्ट्रिब्युटर मी स्वतः उघडलाय. नवीन बुश, शाफ्टची लडखड काढली, वजनांच्या दोन्ही स्प्रिंगा जुळवून घेतल्या, व्हॅक्यूम कॅप्सूल काढून टाकली. टायमिंग लाइट मारला की ६००० ला खूण एका जागी खिळल्यासारखी दिसते. हे ज्याला जमत नाही त्याने यंत्राला दोष द्यावा. आणि पुन्हा माझ्या हट्टावर बोलायचं असेल तर आधी स्वतःच्या इंजिनाचा फोटो टाका.

सहावा_गिअर

फोटो टाकणार नाही, मला काही सिद्ध करायचं नाही. तुमच्याइतका वेळ घालवला तर पॉइंटही चालतात, हे मान्य करतो. पण बजेटवाल्याकडे ना तुमचा हात, ना तुमचे वडील. त्याला बाजारात मिळतो तो झिजलेला डिस्ट्रिब्युटर.

पॉइंट_चारशे_मायक्रॉन

झिजलेला डिस्ट्रिब्युटर तसाच लावून बारावर जाऊ नये, एवढं तुमचं बरोबर. त्यापुढचं एकही वाक्य मला मान्य नाही.

तेलकट_हात

तुमच्या इग्निशनमध्ये मूळ प्रश्न वाहून गेला. जुनाबोल्ट, स्टॉक कॅमवर साडेबारा हा वेडेपणा आहे, ते मी सोडतो. रेस कॅम, चांगलं पेट्रोल आणि मोजलेली चेंबरं असतील तर बारा सोडणार नाही. तुमचे तीन टक्के कागदावरचे आहेत. वळणातून बाहेर पडताना गाडी कशी खेचते ते कागदावर दिसत नाही.

जुनाबोल्ट

‘मोजलेली चेंबरं असतील तर’ हे तुम्ही लिहिलंत, मला तेवढंच हवं होतं. खेचण्याचं म्हणाल तर ती बरीचशी कॅमच्या टायमिंगची करामत आहे, पण त्यावर आज वाद घालत नाही.

नवीन_गॅस्केट

तो नवखा मीच. सगळं वाचलं, कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट मागून आणली. चार चेंबरं अशी आली: २१.२, २१.६, २१.३, २२.४. चौथं दोनदा मोजलं, तेवढंच येतंय. आता फेसिंगला देऊ का?

जुनाबोल्ट

अजिबात नाही. आधी त्या चौथ्या चेंबरच्या व्हॉल्व्ह सीट बघा. आधी कुणी सीट कापून व्हॉल्व्ह खोल बसवला असेल तर तिथेच जागा वाढलेली असते, आणि ती नवीन सीट घालून परत मिळते. सीट ठीक असतील तर बाकीची तीन चेंबरं २२.४ ला आणा, इनटेक व्हॉल्व्हच्या कडेची भिंत हळूहळू घासत. गॅस्केटच्या छापाबाहेर जाऊ नका. चारही जुळली की मग फेसिंग.

तेलकट_हात

आणि फेसिंगवाल्याला ‘जरा घासून द्या’ म्हणू नका. किती मिमी ते कागदावर लिहून द्या. पिस्टन डेकच्या किती खाली थांबतात तेही मोजा. या बोअरला ०.१ मिमी म्हणजे जवळपास ०.४ सीसी. ते आकडे इथे टाका, बारा की पावणेअकरा ते त्यानंतर भांडू.